संवेदनांच्या आधारे ‘मी’ तपासताना : या चुका टाळा

डोळे मिटून स्वस्थ बसावे, या क्षणी शरीरात प्रत्यक्ष जे जाणवते आहे तेवढेच पाहावे आणि ज्याला आपण दिवसभर ‘मी’ म्हणतो ते त्या जाणवण्यात नेमके कोठे सापडते हे तपासावे, एवढीच या अभ्यासाची मांडणी आहे. ती इतकी साधी आहे की तिच्यात चुकण्याजोगे काही असेल असे सुरुवातीला कोणालाच वाटत नाही. तरीही अनेक साधक महिनोन्‌महिने बसतात, पुष्कळ काही अनुभवतात आणि मूळ प्रश्नाला मात्र स्पर्शही करत नाहीत. त्यांची चिकाटी कमी पडते असे म्हणता येणार नाही. बहुतेकांची गाडी एखाद्या लहानशा, सहज लक्षात न येणाऱ्या गैरसमजापाशी अडलेली असते, आणि तो गैरसमज वेळीच दिसला नाही तर पुढचे सगळे परिश्रम त्यालाच बळकट करत राहतात.

या तपासाची जुनी आणि सर्वांत स्पष्ट मांडणी पाली वाङ्मयात सापडते. सारनाथ येथे पाच भिक्खूंना केलेल्या अनत्तलक्खण सुत्ताच्या उपदेशात बुद्धाने रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणे), संस्कार (मनाच्या घडणी) आणि विज्ञान (जाणीव) हे पाचही स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनला आहे ते घटक, एकेक करून समोर ठेवले आणि प्रत्येकाविषयी दोन साधे प्रश्न विचारले : हे तुमच्या हुकमतीत आहे काय, आणि हे टिकणारे आहे काय? शरीर जर खरोखर ‘मी’ असते तर ‘माझे शरीर असे असावे, असे नसावे’ असे म्हणता आले असते, हा तेथील युक्तिवाद आहे. महाराष्ट्रातील वाचकांना या परंपरेची ओळख बहुधा सत्यनारायण गोएंका यांच्यामुळे झालेली असते. ब्रह्मदेशातून ते १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यनेचे, म्हणजे संवेदना पाहण्याच्या या साधनेचे, मोठे केंद्र झाले. पुढील विवेचन कोणत्याही शिबिराची नियमावली नाही. शिबिरात असताना तेथील आचार्यांच्या सूचनाच पाळाव्यात. घरी, एकट्याने, संवेदना पाहता पाहता ‘मी’चा प्रश्न हाताळणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे.

संवेदनेऐवजी शरीराचे चित्र पाहणे

सर्वांत अधिक प्रमाणात होणारी चूक हीच आहे, आणि ती ओळखण्यासाठी कोणत्याही दीर्घ साधनेची गरज नाही. डोळे मिटून उजवा तळहात मांडीवर ठेवावा व तो जाणवतो का ते पाहावे. जवळजवळ प्रत्येकाला मनात एक हात दिसतो : पाच बोटे, नखे, मनगट, कदाचित अंगठीसुद्धा. पण नख जाणवत नाही, ते आठवते. बोटांची संख्याही जाणवत नाही. आपल्याला ती ठाऊक आहे म्हणून ती चित्रात भरली जाते. प्रत्यक्ष जाणवते ते थोडी ऊब, मांडीला टेकलेल्या भागाचा दाब, एखाद्या ठिकाणची झिणझिण, कदाचित नाडीचा हलका ठोका. या साऱ्याला काटेकोर कडा नसते. हाताची ऊब कोठे संपते आणि मांडीची कोठे सुरू होते, हे केवळ जाणिवेवरून सांगू गेल्यास उत्तर मिळत नाही.

मनातील हे चित्र म्हणजे शरीर नव्हे, ती मेंदूने केलेली रचना आहे, याला भरपूर पुरावा आहे. माँट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचे सौम्य उद्दीपन देऊन कोणत्या जागेमुळे शरीराच्या कोणत्या भागात संवेदना उमटते याची नोंद प्रसिद्ध केली. त्या नकाशात ओठ व हाताची बोटे यांना अवाढव्य जागा आहे, तर पाठीला अगदी थोडी. हात किंवा पाय कापावा लागलेल्या पुष्कळ रुग्णांना नसलेला अवयव जाणवत राहतो, तो दुखतोही. याच्या उलट बाजूचा प्रयोग मॅथ्यू बॉट्‌विनिक आणि जोनाथन कोहेन यांनी १९९८ मध्ये मांडला. स्वतःचा हात पडद्याआड ठेवून समोरच्या रबरी हाताकडे पाहणाऱ्या माणसाच्या दोन्ही ‘हातां’वर एकाच वेळी, एकाच लयीत कुंचला फिरवला की थोड्याच वेळात अनेकांना तो स्पर्श रबरी हातावर होत असल्यासारखे आणि तो हात आपलाच असल्यासारखे वाटू लागते. नसलेला पाय ‘माझा’ राहतो आणि रबराचा हात ‘माझा’ होतो. तेव्हा ‘माझेपणा’ हा अवयवाला चिकटलेला गुणधर्म नाही, हे उघड आहे.

साधकाच्या दृष्टीने अडचण अशी की जोपर्यंत तो चित्राकडे पाहत असतो तोपर्यंत त्याला ‘मी’विषयी काहीही नवे कळणार नाही, कारण ते चित्र मुळातच ‘माझे शरीर’ म्हणून रेखाटलेले असते. जे आधीच नाव घालून ठेवले आहे त्यात नाव सापडले, तर त्यात शोध कसला? उपाय म्हणून क्षेत्र लहान करावे. संपूर्ण हात घेण्याऐवजी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवावी व केवळ त्या टेकलेल्या जागेचा दाब पाहावा. तेथे दोन बोटे आहेत हे ठाऊक आहे, पण जाणवणारा स्पर्श एक आहे की दोन? तो कोणत्या बोटाचा? लक्ष एकदा अंगठ्याच्या बाजूने व एकदा तर्जनीच्या बाजूने नेता येते आणि त्याबरोबर ‘स्पर्श करणारे’ व ‘स्पर्श होणारे’ यांची अदलाबदल होते, स्पर्श मात्र तोच राहतो. मधूनमधून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे जाणवते आहे की आठवते आहे? चित्र नाहीसे करण्याचा प्रयत्न करू नये. ते येईल, राहील. त्याला चित्र म्हणून ओळखणे पुरेसे आहे.

उत्तर आधीच हातात घेऊन बसणे

मराठी साधकाची ही विशेष अडचण आहे असे मला वाटते. ‘देहबुद्धी सोडावी’, ‘मी देह नव्हे’ ही वाक्ये त्याने लहानपणापासून कीर्तनात, प्रवचनात ऐकलेली असतात. दासबोधात देहबुद्धीवर वारंवार प्रहार आहेत आणि ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र (शरीर) आणि क्षेत्रज्ञ (त्याला जाणणारा) यांचा विस्ताराने विचार आहे. हे संस्कार मोलाचे आहेत, यात शंका नाही. पण बैठकीला बसताच ‘मी हे शरीर नाही’ असे मनातल्या मनात घोळवणे हा जप झाला, तपास झाला नाही. जप करायचाच असेल तर तो नामाचा करावा, त्यात निदान प्रामाणिकपणा असतो. दुसऱ्या टोकाला ‘मी असे काही नसतेच’ हे वाक्य बौद्ध किंवा आधुनिक मेंदूविज्ञानाच्या वाचनातून उचललेले साधक असतात, आणि त्यांचीही तीच गत होते.

बुद्धीला पटलेले आणि प्रत्यक्ष मावळलेले यांत किती अंतर असते, याचे विलक्षण उदाहरण पाली वाङ्मयातील खेमक भिक्खूच्या प्रसंगात आहे. कौशांबीजवळ आजारी पडलेल्या खेमकाकडे काही ज्येष्ठ भिक्खू दासक नावाच्या भिक्खूमार्फत निरोप धाडतात की पाच स्कंधांत तुला कोठे आत्मा दिसतो काय. तो म्हणतो, दिसत नाही. मग तू मुक्त झालास काय, असे विचारल्यावर तो तितक्याच सरळपणे म्हणतो की नाही. यांपैकी कशालाही ‘हा मी’ असे मी मानत नाही, तरीही ‘मी आहे’ ही भावना अजून गेलेली नाही. पुढे तो खाराने किंवा शेणाने धुतलेल्या कपड्याचा दाखला देतो : कापड स्वच्छ झाले तरी खाराचा वास मागे राहतो आणि तो जायला कापड सुगंधी पेटीत काही काळ ठेवावे लागते. त्या ज्येष्ठांपुढे, आजारपणात, आपले अपुरेपण असे नेमके सांगणारा खेमक मला अनेक सिद्धांतग्रंथांपेक्षा अधिक उपयोगी वाटतो.

तेव्हा बैठकीपूर्वी दोन्ही उत्तरे बाजूला ठेवावीत. ‘मी’ आहे असेही धरू नये, नाही असेही धरू नये. समोरच्या एका संवेदनेला सारनाथचे दोन प्रश्न विचारावेत. ही खाज मी बोलावली म्हणून आली का? आली तशी राहणार आहे का? उत्तर शब्दांत द्यायचे नाही. प्रश्न विचारून पुन्हा खाजेकडेच पाहायचे, आणि तिथे जे दिसेल ते दिसू द्यायचे.

पाहणाऱ्याला तपासातून वगळणे

वरच्या दोन चुका सुधारल्यानंतर बहुतेकांची जी स्थिती होते ती मोठी समाधानाची असते, आणि म्हणूनच तेथे अडकायला होते. पायातली संवेदना तिथे खाली आहे, छातीतली धडधड तिथे आहे, आणि ‘मी’ इथे, डोळ्यांच्या मागे कोठेतरी बसून हे सगळे शांतपणे पाहतो आहे, असा तो अनुभव असतो. साधकाला वाटते की देहाशी असलेले तादात्म्य सुटले. वास्तविक ते सुटलेले नसते. पायातून व छातीतून हलून ते डोक्यात येऊन बसलेले असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये याविषयी एक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे, ज्याची आजही प्रत्येकाला पडताळणी करता येते. मनाचे सर्वांत आतले, विचार करणारे, होकार-नकार देणारे केंद्र म्हणून जे जाणवते ते आपण बारकाईने पाहू गेलो, तेव्हा डोक्यातील आणि डोके व घसा यांच्यामधील काही शारीरिक हालचालींपलीकडे फारसे काही हाती लागले नाही, असे ते सांगतात. भुवया आक्रसणे, बुबुळे किंचित फिरणे, श्वासमार्ग आवळणे किंवा मोकळा होणे, अशा त्या हालचाली आहेत. ज्या ‘इथून’ आपण पाहतो असे वाटते ते ‘इथे’देखील संवेदनांचेच बनलेले असेल, तर तपास तेथेही न्यायला हवा.

तो असा न्यावा. लक्ष प्रथम डाव्या पायाच्या अंगठ्यावर न्यावे. ते नेताना मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे खाली वळतात का, कपाळ ताणले जाते का, हे पाहावे. बहुतेक वेळा तसे होते. मग अंगठा सोडून द्यावा आणि त्या ताणालाच विषय करावे. डोळ्यांमागचा दाब, भुवयांमधील घट्टपणा, टाळूला लागलेली जीभ, आणि मनातल्या मनात ‘हो, जाणवले’ असे म्हणताना घशात होणारी पुसटशी हालचाल, हे सगळे जाणवू शकते, म्हणजेच हे सगळे पाहिले जाणाऱ्याच्या बाजूला आहे. पाहणारा म्हणून ज्याची गणना केली होती तो पाहण्याचा विषय होतो.

येथे लगेच पुढची फसगत दबा धरून असते. मन विचारते, मग हा ताण पाहणारा कोण? आणि साधक आणखी मागे सरकून बसतो, तेथेही एखादी पुसट जाणीव सापडते, मग तिच्याही मागे. या पाठलागाला शेवट नाही आणि त्याने डोके मात्र दुखू लागते. ‘कोण’ हा प्रश्न थोडा वेळ सोडून द्यावा व जे नवे ‘मागचे’ ठिकाण मिळाल्यासारखे वाटते त्याची जात तपासावी : तो दाब आहे, प्रतिमा आहे, की शब्द आहे? या तिन्हींपैकी एक निघाले तर त्याला इतर संवेदनांसारखेच वागवावे. काहीच निघाले नाही तर त्या ‘काहीच नाही’वर नाव चिकटवण्याची घाई करू नये.

ही घाई मात्र परंपरेच्या ओझ्याने होते. वेदान्ताच्या वाटेने जाणारा त्या मोकळ्या जागेला साक्षी, द्रष्टा, आत्मा म्हणतो. बौद्ध मार्ग जाणिवेलाही विज्ञान म्हणून पाच स्कंधांतच टाकतो आणि तिच्यावरही ‘हा मी नाही’ हीच कसोटी लावतो. ‘शेवटी दोन्ही एकच सांगतात’ असे म्हणून हा भेद पुसून टाकण्याची आपल्याकडे फार हौस आहे. तो पुसू नये, कारण अभ्यासात त्याचा परिणाम होतो : एक मार्ग साक्षीत स्थिर व्हायला सांगतो, दुसरा साक्षीवरही विसंबू देत नाही. मुंबईत खेतवाडीच्या लहानशा जागेत मराठीतून बोलणारे निसर्गदत्त महाराज साधकाला ‘मी आहे’ या जाणिवेपाशीच थांबायला सांगत, आणि पुढे तीही अन्नमय देहाच्या आधाराने आलेली, म्हणून जाणारी आहे, असेही बजावत. कोणता मार्ग धरायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एका बैठकीत एक आणि दुसरीत दुसरा असे केल्यास, अडचण येताच सोयीचे उत्तर उचलण्याची सवय लागते.

या ठिकाणी बाहियाची आठवण ठेवावी. लाकडाच्या सालीची वस्त्रे नेसणारा हा तपस्वी सुप्पारकचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्याचा होता. तेथील स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन करून उजेडात आणला. बाहिय श्रावस्तीपर्यंत गेला आणि भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धाला वाटेतच अडवून त्याने उपदेश मागितला. ‘पाहिलेल्यात केवळ पाहिलेले असेल, ऐकलेल्यात केवळ ऐकलेले,’ असे त्याला सांगण्यात आले. त्यातील ‘मुत’ या तिसऱ्या पदात गंध, रस आणि स्पर्श यांचा समावेश होतो, आणि आपला विषय तोच आहे. स्पर्शात केवळ स्पर्श असेल, तर त्यात कोणी ‘येथे’ही नसतो आणि ‘तेथे’ही नसतो, असा त्या उपदेशाचा रोख आहे. पाहणाऱ्याला आणखी मागे ढकलण्याचा उद्योग त्यात कोठेच सांगितलेला नाही.

‘काहीच जाणवत नाही’

ही तक्रार जितकी ऐकू येते तितकी गंभीर नाही. त्वचेतील दाब व कंप टिपणारे काही चेतातंतू बदल होताच संदेश पाठवतात आणि स्पर्श स्थिर राहिला की लवकरच गप्प होतात. अंगातला सदरा आपल्याला दिवसभर जाणवत नाही तो यामुळेच. शिवाय शरीराच्या सर्व भागांची बारकाई सारखी नसते. दोन टोकांचा स्पर्श वेगवेगळा ओळखण्यासाठी बोटाच्या टोकावर त्यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरते, पाठीवर मात्र ते सुमारे ४० मिलिमीटर लागते. पाठीत ‘सूक्ष्म’ संवेदना मिळत नाहीत म्हणून स्वतःला जड बुद्धीचा ठरवणारे साधक मेंदूच्या नकाशाशी भांडत असतात.

अशा वेळी संवेदना निर्माण करू नयेत. बोटे हलवून, श्वास जोरात घेऊन किंवा एखाद्या जागी जोर लावून मिळवलेल्या जाणिवेचा या तपासाला उपयोग नाही. ओठ, नाकपुड्या, बोटांची टोके येथून सुरुवात करावी आणि बधिर वाटणाऱ्या भागावर थोडा वेळ थांबून पुढे जावे. तरीही काही नसेल, तर ‘येथे काही नाही’ हे ज्या प्रकारे कळते त्याकडे पाहावे. ‘मला जमत नाही’ हा विचार येताच पोटात किंवा छातीत काय होते, तेही पाहावे. बहुधा तेथे भरपूर संवेदना असतात.

दुखणे सहन करण्याला तपास समजणे

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवसानंतर दिवसातून तीन वेळा एकेक तासाची अधिष्ठानाची बैठक असते व त्या वेळी आसन न बदलण्याचा प्रयत्न करायचा असतो. तेथे मार्गदर्शक असतात. घरी मात्र हीच गोष्ट अनेकदा हट्टाचे रूप घेते : गुडघा पेटलेला असतो, दात आवळलेले असतात, आणि ‘मी सहन करतो आहे’ हा ‘मी’ पूर्वी कधी नव्हता इतका बळकट झालेला असतो.

दुखणे तपासासाठी उत्तम विषय आहे, पण ते वेगवेगळ्या पदरांत पाहता आले तर. ‘माझा गुडघा दुखतो आहे’ या एका वाक्यात जळजळ, ठणका, दाब अशा काही संवेदना आहेत. त्यांच्यापासून दूर सरकण्याची ओढ आहे, आणि तीदेखील पोट आवळणे, श्वास अडणे, मान ताठणे या रूपात शरीरातच जाणवते. गुडघ्याचे चित्र आहे. आणि ‘कायमचे काही होणार नाही ना’ असा विचार आहे. यांपैकी ‘माझा’ नेमके कशात आहे? ठणक्यात तो शोधला तर तेथे ठणकाच मिळतो. बहुतेकांना असे आढळते की ‘माझे’पणाचा जोर त्या आवळण्यात सर्वाधिक असतो, आणि आवळणे सैल झाले की ठणका तसाच असूनही तो कोणाचा तरी असण्याची निकड कमी होते. हे आपल्याला आढळले नाही तर तसे आढळल्याचे मानून घेऊ नये.

शरीराचे काही इशारे मात्र तत्त्वज्ञानाने टाळण्यासारखे नसतात. मांडी घालून फार वेळ बसल्यास गुडघ्याच्या बाहेरील बाजूने जाणारी पेरोनियल नस दबली जाऊ शकते. पाय बधिर होतो आणि दाब दीर्घकाळ राहिल्यास पाऊल वर उचलणेही काही काळ कठीण होऊ शकते. कमरेतून पायात जाणारी कळ, उठल्यानंतरही न जाणारा बधिरपणा, छातीतले दुखणे यांना मनातले जुने संस्कार बाहेर पडत आहेत असे समजू नये. आसन बदलावे, खुर्ची घ्यावी, गरज असेल तर डॉक्टरांकडे जावे. खुर्चीवर बसल्याने ‘मी’चा प्रश्न सोपा होत नाही, याविषयी निश्चिंत असावे.

विशेष अनुभवाची वाट पाहणे

एखाद्या बैठकीत शरीराची घनता विरघळल्यासारखी होते, डोक्यापासून पायापर्यंत झिणझिण्यांचा एकसारखा प्रवाह वाहू लागतो, हात कोठे आहेत ते कळत नाही. साधक याला धाराप्रवाह म्हणतात, कोणी भंगही म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच अनुभवाची प्रतीक्षा सुरू होते. सुखद संवेदनेविषयीची ही ओढ दुखण्याविषयीच्या तिटकाऱ्याइतकीच ‘मी’ला पोसते, फक्त ती साधनेच्या नावाखाली वावरते. याखेरीज, नकळत श्वास वेगाने व खोल घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांत व ओठांभोवती मुंग्या येतात. हात फार वेळ न हलवल्यास त्यांची जागा न कळणेही स्वाभाविक आहे. शरीराची कडा पुसट होणे ही कुतूहलाने पाहण्याजोगी घटना आहे. ‘मी’ गेला याचा तो पुरावा नाही, कारण ‘माझे शरीर विरघळले’ असे उत्साहाने सांगणारा कोणीतरी बैठकीनंतर हजरच असतो.

भीती वाटू लागली किंवा सगळे खोटे भासू लागले तर

याविषयी स्पष्ट बोलले जात नाही, ते बोलायला हवे. ‘मी’ला आधार देणाऱ्या संवेदनांकडे बारकाईने पाहताना काहींना अचानक भीतीचा झटका येतो. एखाद्या क्षणाची भीती हीसुद्धा छाती, पोट, घसा यांतील संवेदना म्हणून पाहता येते. ती वाढत असेल तर डोळे उघडावे, पायाचे तळवे जमिनीवर टेकवावे, खोलीतल्या वस्तू पाहाव्या, उठून पाणी प्यावे. हे पलायन नाही.

याहून वेगळी अवस्था म्हणजे बैठकीबाहेरही, दिवसेंदिवस, आपण काचेआडून जगाकडे पाहतो आहोत, आपले हात परके आहेत, भावना उमटतच नाहीत असे वाटत राहणे आणि त्याचा त्रास होणे. मानसोपचारात ही अवस्था परिचित आहे व तिच्यावर उपचार होतात. ध्यानामुळे अशा अडचणी येऊ शकतात याचा अभ्यास जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांच्या गटाने पाश्चात्त्य देशांतील बौद्ध साधकांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भय, झोपेचे बिघाड, स्वत्वाच्या जाणिवेतील बदल अशा अनेक गोष्टींची नोंद आहे. वरवर पाहता ही परकेपणाची अवस्था आणि ‘हा मी नाही’ हे दर्शन सारखे वाटते, म्हणून तिला प्रगती समजण्याचा धोका आहे. साधारण कसोटी अशी की तपास नीट चालला असता संवेदना अधिक जवळच्या, अधिक स्पष्ट होतात आणि माणसांशी वागणे मोकळे होते. परकेपणात संवेदना दूर जातात आणि माणसेही. दुसरी स्थिती असेल तर हा अभ्यास थांबवावा, चालणे, घरकाम, गप्पा यांत राहावे आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पूर्वी तीव्र मानसिक आजार किंवा मोठा आघात अनुभवलेल्यांनी एकट्याने या वाटेला लागूच नये, असे माझे मत आहे.

केवळ बैठकीपुरता तपास

शांत बसलेले असताना ‘मी’ फारसा काही मागत नसतो, म्हणून तेथे त्याचा पत्ता लागणे कठीण जाते. कोणी चारचौघांत आपला शब्द खाली पाडला, रांगेत कोणी पुढे घुसले, आपण केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याने घेतले, की तो पूर्ण जोराने उभा राहतो. त्या वेळी कानशिले तापतात, जबडा आवळतो, छातीत काहीतरी चढते आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारे ‘मला असे बोलला’ हे वाक्य फिरू लागते. बैठकीत अंगठ्याच्या दाबावर केलेला सराव येथे उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे. वाक्याशी वाद घालू नये. काही क्षण कानशिलांची उष्णता तेवढी पाहावी आणि ज्याचा अपमान झाला तो त्या उष्णतेत, जबड्यात, की वाक्यात आहे, हे विचारावे. तीन-चार श्वासांपेक्षा अधिक वेळ बहुधा मिळत नाही आणि तेवढा पुरतो. उत्तर द्यायचे असेल तर त्यानंतरही देता येते, अनेकदा अधिक नेमके देता येते.

याच ठिकाणी एक शेवटची चूक होते, आणि ती घरच्यांना साधकाच्या आधी दिसते. ‘मी’ असा कोणी नाहीच, तर चूक कोणाची आणि माफी कोणी मागायची, असा युक्तिवाद करून काही जण जबाबदारी अंगाबाहेर टाकतात. गंमत अशी की श्रेय घेताना हा युक्तिवाद त्यांना आठवत नाही. पाली वाङ्मयात एका संवादात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने आला आहे : जो पूर्ण मुक्त झाला आहे असा भिक्खू ‘मी बोलतो’, ‘मला सांगतात’ असे शब्द वापरील काय? उत्तर होकारार्थी आहे. लोकव्यवहारातील बोली जाणून तो ते शब्द केवळ व्यवहारापुरते वापरील, असे तेथे म्हटले आहे. त्यामुळे संवेदनांचा तपास कोठवरही गेलेला असला तरी घेतलेले पैसे परत करायचे असतात, दिलेली वेळ पाळायची असते, आणि दुखावलेल्या माणसापुढे ‘माझे चुकले’ हे प्रथमपुरुषी एकवचनातच म्हणायचे असते.